कितीले पडली?

वाशीमच्या पाटणी चौकात मी पडलो तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते. कुणी धडक दिली नाही, खड्डा नव्हता, कुत्रंही आडवं आलं नव्हतं. चौकाच्या मधोमध एक गाय बसली होती. तिचा मान राखून मी थांबलो आणि थांबलेल्या सायकलवरून, एखादं गोदरेजचं कपाट कलंडावं तसा, हळूहळू डावीकडं आडवा झालो. तळव्याला कड्या असलेले ते विशेष बूट मी घातले होते. ते पॅडलमध्ये खटकन अडकतात. अडकवायचे कसे ते मी व्हिडिओत पाहिलं होतं. सोडवायचे कसे, हे पुढच्या भागात होतं.

टपरीवरचे चार जण धावत आले. दोघांनी सायकल उचलली. मी अजून तिला चिकटलेलाच असल्यामुळे निम्मा मीही उचलला गेलो. एकानं टायर दाबून पाहिलं, दुसऱ्यानं एका बोटानं सायकल तोलून "कागदाची हाये लेका" असा अभिप्राय दिला. तिसरा माझ्याकडं वाकला आणि काळजीनं म्हणाला,

"कितीले पडली, सर?"

ती नाही, मी पडलो, असं सांगणार होतो. पण त्याची नजर माझ्या गुडघ्यावर नव्हती, हँडलवर होती.

"सेकंड हँड आहे," मी रस्त्यावरूनच म्हणालो.

खरी किंमत मला, दुकानदाराला आणि बालाजीला, एवढ्या तिघांनाच ठाऊक आहे. घरी एक आकडा सांगितला आहे, शाळेत दुसरा, आणि साडूला तिसरा, तो जरा चढवून. इथंही लिहीत नाही. हे मासिक आमच्या घरी येतं.

मी गणित शिकवतो आणि माझ्या या अवस्थेला गणितच जबाबदार आहे. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली झ्युरिकला आयर्नमॅन पूर्ण केली: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटर धावणं. वेळ १५ तास १९ मिनिटं, वय पन्नासला टेकलेलं. हे वाचलं तेव्हा मी चव्वेचाळीसचा होतो. पन्नास वजा चव्वेचाळीस बरोबर सहा. म्हणजे माझ्या हातात सहा वर्षं आहेत! वजाबाकी बरोबर होती. मुळात ती मांडायलाच नको होती.

या सगळ्याचं मूळ एका वादात आहे. हवाईत एका बक्षीस समारंभात पोहणारे श्रेष्ठ, धावणारे श्रेष्ठ की सायकलवाले, यावर चर्चा रंगली. आपल्याकडं असा वाद पानठेल्यावर होतो, दोन खर्रे संपेपर्यंत चालतो आणि "जाऊ दे ना बे" म्हणून मिटतो. तिथं जॉन कॉलिन्स नावाचे नौदलातले अधिकारी होते. तिन्ही शर्यती एका दिवसात एकापाठोपाठ करूनच ठरवू, असं त्यांनी सुचवलं. १८ फेब्रुवारी १९७८ ला पंधरा जण निघाले आणि बारा जण पोचले. दुसरा आलेल्या गड्याच्या मदतनिसांकडचं पाणी वाटेत संपलं म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली, आणि तरीही तो दुसरा आला. ही माहिती मी घरी सांगायला नको होती. तेव्हापासून माझा मेहुणा 'मदतनीस' व्हायला तयार आहे.

मी अर्थातच या शर्यतीचा लहान अवतार निवडला. त्याला स्प्रिंट म्हणतात: ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. नियमांच्या पुस्तकात तीनच प्रकार दिले आहेत. चौथा लिहिलेला नाही आणि दम त्यातच जास्त जातो. चौथा प्रकार म्हणजे उत्तरं देणं.

धावायला मी नवतप्यात सुरुवात केली. यावरून माझ्या नियोजनाचा अंदाज यावा. उन्हामुळं पहाटे पावणेपाचला निघायचो. पहिल्या दिवशी पुसद नाक्याच्या पुढं अंधारात मागून धाडधाड पावलं आली आणि सात-आठ पोरं मला ओलांडून गेली. त्यातली दोन वळून परत आली. माझेच जुने विद्यार्थी.

"सर, तुमीबी पोलीस भरतीची तयारी करून रायले का?"

"नाही रे."

"वयाची अट वाढवली काय सर?" दुसऱ्याच्या आवाजात आशा होती. त्याचं स्वतःचं वय निघत चाललं होतं.

ही पोरं १६०० मीटर साडेपाच मिनिटांत मारतात. मला तेवढ्याला बारा लागतात, आणि मटणाच्या दुकानासमोरून जावं लागलं तर साडेसात. तिथली कुत्री फार चांगली प्रशिक्षक आहेत. माझा आजवरचा सर्वोत्तम वेळ त्यांच्याच नावावर आहे. घड्याळानं त्या दिवशी मनगटावर फटाके उडवून दाखवले.

पोरं एकदाच विचारून थांबली. मोठी माणसं थांबत नाहीत. आमच्या वयाचा माणूस पळताना दिसला की गावाला दोनच शक्यता सुचतात: चोरी किंवा साखर. मी शिक्षक असल्यानं पहिली लगेच बाद झाली.

"शुगर निघाली काय?" मॉर्निंग वॉकवाल्या काकांनी विचारलं.

"नाही काका, हौस म्हणून."

"कितीक निघाली?"

"नाही हो निघाली."

"सुरुवातीले सगळे असंच म्हणते," काकांनी माझा खांदा थोपटला. आठवडाभरात घरी मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड आणि एक कडू काढा असा अहेर जमा झाला. बायकोनं डबे ओळीनं मांडून ठेवले आणि एका रात्री शांतपणे विचारलं, "खरं सांगा, रिपोर्ट कुठी लपवला?"

पोहण्यासाठी एका मित्राच्या शेतातली विहीर मिळाली. पावसाळ्यानंतर ती काठोकाठ भरते. विहिरीचा व्यास सहा मीटर. भिंतीपासून एक मीटर अंतर राखून पोहलं तर चार मीटर व्यासाचं वर्तुळ होतं, म्हणजे परीघ साधारण साडेबारा मीटर. ७५० भागिले साडेबारा बरोबर साठ. नेमके साठ फेरे, बाकी शून्य! मला भरून आलं. इतकं सुबक उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडत नाही.

मित्राच्या वडिलांनी मात्र माझ्या कमरेला दोर आणि पाठीला वाळलेला भोपळा बांधल्याशिवाय मला आत सोडलं नाही. दोराचं दुसरं टोक हातात धरून ते काठावर बसत. पंचविसाव्या फेऱ्याला मला आकाश फिरताना दिसे, चाळिसाव्याला विहीर.

"मास्तर," ते वरून म्हणाले, "तेलघाण्याचा बैलबी येवढे फेरे मारत नव्हता. अन् त्याचं तेल तरी निघे."

एके दिवशी बावन्नाव्या फेऱ्यात माझ्या शेजारून एक दिवड पोहत गेला. दिवड बिनविषारी असतो, हे आमच्या जीवशास्त्राच्या सरांनी मला समजावून सांगितलं होतं. पण त्या वेळी ते सर विहिरीत नव्हते. उरलेले आठ फेरे मी कपारीला धरून मनातल्या मनात पूर्ण केले आणि वहीत साठच लिहिले.

आता सायकल. आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. इतका गुळगुळीत रस्ता, की त्यावर वरण सांडलं तर थेट शिर्डीला पोचावं. आणि त्यावर दुचाकीला बंदी. शेलूबाजारकडच्या पुलावर सायकल उभी करून मी खालचा रस्ता बघत राहतो. मिठाईच्या दुकानाच्या काचेबाहेर शुगरवाले काका उभे राहतात ना, तसा. मग आपल्या वाटेला लागतो. तिथं डांबर आहे, डांबराची आठवण आहे, आणि बाभळीचे काटे आहेत. माझं टायर अंगठ्याएवढं, काटा करंगळीएवढा. लांबच्या फेरीवर मी जितका वेळ सायकल चालवतो त्याहून जास्त वेळ ती माझ्यासोबत चालते.

पंक्चरवाल्यानं ती उलटी करून ठेवली आणि त्याचा प्रश्नसंच सुरू झाला.

"स्टँड काहून नाई?"

"वजन वाढतं."

"घंटी?"

"वजन वाढतं."

"कॅरेज?"

"तेच."

त्यानं एकदा सायकलकडं आणि एकदा माझ्या पोटाकडं पाहिलं. शब्द एकही नाही. हवेची नळी मात्र काही केल्या वॉल्व्हला बसेना. या सायकलींचा वॉल्व्ह बारीक, तुसासारखा असतो, त्याला वेगळी पिन लागते आणि ती माझ्या टेबलाच्या खणात होती. "येवढ्यात तर जुनी स्प्लेंडर आली असती, सर," तो म्हणाला. मी किंमत सांगितलेलीही नव्हती. सायकल खांद्यावर घेऊन मी ऑटोची वाट बघत उभा राहिलो.

घरी वेगळाच विषय निघाला. "तीन खेळ आहेत, मान्य," बायको म्हणाली. "त्यातला दळण आणायचा कोणता?" कॅरेज नसलेल्या सायकलवर दहा किलोचा डबा जात नाही. दळणाला मी मुलीची जुनी सायकल नेतो. तिला स्टँड आहे, घंटी आहे, पुढं टोपली आहे, आणि खरं सांगायचं तर माझी पाठही तिच्यावर कमी दुखते.

एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण एका व्हिडिओत एक बलदंड खेळाडू म्हणाला, की मी फक्त वनस्पतीजन्य आहार घेतो. दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये तशी घोषणा केली.

"म्हणजे डालडा?" शेजारचे सर म्हणाले.

आई म्हणाली, "मंग आपण आतापर्यंत काय लोखंड खात होतो?" आमचं घर मुळात शाकाहारी. त्यामुळं सोडण्यासारखं उरलं होतं ते दूध, दही, ताक, तूप आणि कढी. म्हणजे आमच्या घरातला सगळा आनंद. शिवाय चहा. आपल्याकडं कुणाच्या घरी जाऊन काळा चहा मागितला की यजमानीण ओट्याजवळून हळूच विचारते, "पोट बिघडलं का भाऊजी?" आणि शुगरची बातमी तिच्यापर्यंत पोचली असेल तर साखरही टाकत नाही. त्या पंधरवड्यात मी अकरा घरी गरम काळं पाणी प्यालो आणि अकराही ठिकाणी "छान झालाय" म्हणालो.

मग मला सोयाबीन आठवलं. आमच्या जिल्ह्यात खरिपात जिकडं बघाल तिकडं सोयाबीन. त्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रथिनं. २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता, म्हणजे किलोला पन्नासच्या आत, आणि बाजार समितीत त्याहूनही कमी. या दाण्याची प्रथिनं काढून, त्यांना व्हॅनिलाचा वास देऊन, काळ्या डब्यात भरलं की भाव किलोला हजारांत. मी मित्राच्या शेतात, किलोला चाळीस रुपयांनी विकलेल्या कट्ट्याशेजारी उभा राहून ऑनलाइन डबा मागवला, आणि मी गणित शिकवतो. त्याच्या वडिलांनी डबा हुंगला. "हे आमचंच सोयाबीन काय? शहरात जाऊन लईच सुधारलं."

तेव्हा सोयाबीनचं दूध घरीच करायचं ठरवलं. रात्री दाणे भिजवले, सकाळी साल काढून वाटले, गाळले, उकळायला ठेवले. कच्चं सोयाबीन पचत नाही, ते चांगलं उकळावं लागतं, हे मी वाचलं होतं. ते उकळताना पातेल्याच्या तिप्पट होतं, हे वाचलं नव्हतं. फेस ओट्यावर, ओट्यावरून शेगडीत, तिथून फरशीवर. घरभर ओल्या कट्ट्याचा वास सुटला. उरलेल्या वाटीभर दुधाचा चहा केला, तो फाटला.

"चोथा कुठी टाकू?" बायकोनं विचारलं.

"गायीले दे," आई म्हणाली. "तिले ढेप अन् याले दूध, एकाच कट्ट्यातून. अन् तीबी दूध देते, पण येवढा पसारा नाई करत."

निराश होऊन मी चौकात गेलो आणि तिथं मला साक्षात्कार झाला. आलूबोंडा: बटाटा, बेसन, तेल. संपूर्ण वनस्पतीजन्य. मिरचीभजी, कचोरी, चिवडा, शेव, दाळवडा, तर्री-पोहे... एकात दुधाचा थेंब सापडेल तर शपथ. आमची सगळी खाद्यसंस्कृती त्या बलदंड खेळाडूच्या नियमात बसत होती आणि मी उगाच काळं पाणी पीत बसलो होतो. त्या दिवसापासून माझी प्रत्येक लांबची फेरी एखाद्या बोंड्याच्या गाड्यावर संपू लागली. महिन्याभरात माझं वजन अडीच किलोनं वाढलं. सायकलचं वजन कमी करायला मात्र मी घंटीसुद्धा लावलेली नव्हती.

रोडग्यांनी तर कहर केला. मारुतीच्या पारावर पंगत होती. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी आणि वाढप्याच्या हातात तुपाची बादली. मी पत्रावळीवर दोन्ही हात आडवे धरले.

"तूप नको."

वाढपी थबकला. मागची रांग थबकली. "काहून? नवस आहे काय?"

"शुगर आहे त्याईले," पलीकडून काकांचा आवाज आला. सगळ्यांनी हळहळून मान हलवली आणि तुपाच्या बदल्यात मला दोन रोडगे जास्त वाढले. कोरडा रोडगा गिळायला भाजी लागते, भाजी संपवायला रोडगा लागतो. सहाव्यानंतर मी मोजणं सोडलं. त्या संध्याकाळच्या धावण्याबद्दल घड्याळात फक्त 'विश्रांती' अशी नोंद आहे.

या घड्याळावर माझा राग नाही, पण त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका आहे. एकदा मालेगावच्या एसटीत खिडकीशी बसलो होतो. बस इतकी हादरत होती, की घड्याळाला वाटलं मी सायकल चालवतोय. उतरलो तर अभिनंदन: आजवरची सर्वांत वेगवान फेरी! ती आपोआप आमच्या ग्रुपवर गेली. बावीस जणांनी अंगठे दिले, पुण्याच्या एका डॉक्टरांनी "प्रेरणादायी" असं लिहिलं. मी ती नोंद काढणार होतो. रोज रात्री काढणारच होतो.

घरच्यांना वेळ देत नाही, या आरोपावर उतारा म्हणून एका रविवारी सगळ्यांना कारंज्याला नेलं. आधी नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानी दर्शन, मग सोहोळचं काळवीट अभयारण्य. मी सांगतो म्हणून नव्हे, पण परंपरेनं आमच्या मातीत जोड्या जमतात. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखरानं 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्न इथंच लावून दिलंय. तेव्हा पोहणं, पळणं, सायकल, पथ्य आणि संसार यांची मोट वाशीमकरानं नाही बांधायची तर कुणी, असं मी गाडीत सांगत होतो. मागच्या सीटवर सगळे झोपले होते.

अभयारण्यात नशिबानं काळवीट दिसला. उड्या मारत माळावरून असा गेला, की मुलगी टाळ्या पिटायला लागली.

"ताशी ऐंशीचा वेग," मी म्हणालो. "आणि खातो काय? गवत. पूर्ण वनस्पतीजन्य!"

"हो," बायको म्हणाली. "पण त्यानं कुणाला सांगितलं का?"

शेवटी डिसेंबरात स्पर्धेचा दिवस उजाडला. दूरच्या शहरातला तलाव, थंडी, चारशे माणसं. मी एकसंध, अंगाला चिकटणारा तो पोशाख घातला होता. आमच्याकडं त्यात बाहेर पडलो असतो तर शाळेनं खुलासा मागवला असता. शिट्टी झाली आणि मी पाण्यात शिरलो. हातपाय छान चालत होते, श्वास लागत होता. पाचेक मिनिटांनी डोकं वर काढलं तर बाकीचे लोक पार उजवीकडं, लांबवर दिसत होते आणि मी एकटाच, पाण्यात कुठलीही भिंत नसताना, भिंतीपासून एक मीटर अंतर राखून, अत्यंत सफाईनं डावीकडं वळत होतो. तीन महिने आणि काही हजार डावे फेरे अंगात मुरले होते. कयाकमधला पोरगा ओरडला, "ओ काका, तिकडं नाही! काय शोधताय?" त्यानं मला तीनदा सरळ केलं. तीनदा मी पुन्हा वर्तुळात शिरलो. साडेसातशे मीटरच्या शर्यतीत मी हजारेक मीटर पोहलो असेन. त्या वेळी मला मनापासून आठवण आली ती काठावर दोर धरून बसणाऱ्या म्हाताऱ्याची.

सायकल आणि धावणं होऊन गेलं. शेवटून नववा आलो. पदक सगळ्यांनाच होतं.

खटकलं ते वेगळंच. दिवसभरात मला कुणी एक प्रश्न विचारला नाही. स्टँड नाही, घंटी नाही, चारशे सायकली तशाच उभ्या. साखरेची चौकशी नाही. काळ्या चहावर कुणाची भुवई उंचावली नाही. सहा महिने इतकी उत्तरं तयार करून ठेवलेली आणि परीक्षेला प्रश्नपत्रिकाच आली नाही.

पदक गळ्यात घालून मी सायकल घ्यायला गेलो. शेजारच्या खुंटीला एक काळीभोर, चकचकीत, निव्वळ कार्बनची सायकल टांगलेली होती. चाकं अशी, की बघताना डोळ्यांत पाणी यावं. मी टायर दाबून पाहिलं. मग, कुणाचं लक्ष नाही असं बघून, एका बोटावर तोलूनही पाहिली. कागदाची होती लेका. तेवढ्यात मालक आला. पन्नाशीचा, पिळदार, महागडा गॉगल लावलेला. मी तोंड आवरायच्या आत ते उघडलं होतं.

"कितीले पडली?"

त्यानं चमकून मागं पाहिलं. दोन पावलांवर त्याची बायको टॉवेल आणि पाण्याची बाटली धरून उभी होती.

"सेकंड हँड आहे हो," तो म्हणाला.